लायमी: चुकीच्या लिंबावरून पडलेलं नाव

नागपुरात तर्री पोह्यावर पिळतात ते कागदी लिंबू. इंग्रजीत ते लाइम. ब्रिटिश खलाशांना 'लायमी' म्हणून जगभर हिणवलं गेलं ते याच फळावरून. त्यांच्या जहाजांवर लिंबाचा रस पाजायची सक्तीच होती. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाकडे त्यांना 'लाइम-ज्यूसर' म्हणत, अमेरिकेत त्याचं 'लायमी' झालं आणि पुढे ते सरसकट इंग्रज माणसालाच चिकटलं. पण खलाशांचे जीव वाचवले होते ते दुसऱ्याच फळाने.

रोग होता स्कर्व्ही. माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, गाय-कुत्र्याच्या होतं. आपल्या त्वचेला, हिरड्यांना, रक्तवाहिन्यांना सांधून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन त्याच्याशिवाय नीट विणलं जात नाही. काही महिने ताजं अन्न मिळालं नाही की हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात. सगळ्यात भयंकर म्हणजे वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडते. व्रणातलं जुनं कोलॅजेन झिजतच असतं, नवं तयार होणं मात्र थांबलेलं असतं.

1747 मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं जाड सालीचं पिवळं लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, तरी तेवढ्यात त्यातला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता. आरमाराने लेमनचा रस सुरू करायला मात्र 1795 उजाडलं. त्यानंतर स्कर्व्ही जवळजवळ नाहीशी झाली.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लेमन जाऊन वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिशांच्याच वसाहतींतलं लाइम आलं. आंबटपणा हेच औषध अशी डॉक्टरांचीही समजूत होती, आणि लाइम तर जास्तच आंबट! प्रत्यक्षात त्यात क जीवनसत्त्व लेमनपेक्षा बरंच कमी. त्यातून हवा लागून, तांब्याच्या नळ्यांतून जाऊन तेही नासायचं. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते, म्हणून बराच काळ हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. 1875 ची ब्रिटिश आर्क्टिक मोहीम लाइमचा रस सोबत असूनही स्कर्व्हीने जेरीस आली आणि पुढच्याच वर्षी माघारी फिरली.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण लिंडचा प्रयोग बरोबर होता, त्याचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर रोज 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वही स्कर्व्ही टाळायला पुरतं. कळमन्याच्या बाजारातल्या मध्यम आकाराच्या एका संत्र्यात त्याच्या दुपटीहून जास्त असतं.

कारण उलगडलं 1932 मध्ये. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञांनी वेगळा केलेला पदार्थ हेच क जीवनसत्त्व, हे तेव्हा सिद्ध झालं. पुढे अभ्यासासाठी त्यांना ते किलोच्या हिशेबात हवं होतं. ते मिळालं हंगेरीतल्या सेगेडच्या ताज्या मिरचीत, जिला आंबट म्हणून कुणी कधी नाव ठेवलं नसतं.