झेल्याच्या टोकाचे शंभर ग्रॅम

‘आंबे काढायला चांगलं साधन हवं’ एवढ्यावर कुणी डिझाइनला बसला, तर तो काठीला कात्री बांधून मोकळा होईल. कोकणातला कुठलाही बागायतदार ती एकदा हातात धरून परत करेल. त्याला हवा असतो झेला, म्हणजे काठीच्या टोकाला जाळी बांधलेलं आंबे काढायचं साधन. नुसता आंबा कापायला काय लागतं? अवघड आहे ते वेगळंच. चौदा आणे तयार झालेला हापूस चार-पाच सेंटिमीटर देठ राखून, चीक न लागता, कुठेही न आपटता खाली आला पाहिजे. वस्तूचं निम्मं डिझाइन या एका वाक्यात होतं, आणि घाई होते ती नेमकी इथेच.

देठाचा एवढा आग्रह चिकामुळे. फळाच्या आतल्या नलिकांत चीक दाबाखाली असतो. देठ फळालगत मोडला की तो उसळून सालीवर ओघळतो आणि त्यातला तेलकट भाग साल भाजतो. पिकल्यावर ते काळे ओघळ पेटी उघडताच दिसतात. देठ लांब राहिला तर चीक फारसा येत नाही. आपटण्याचा हिशेब शाळेतलाच आहे. ५ मीटरवरून सुटलेलं फळ जमिनीला टेकताना ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगात असतं.

बांबूच्या टोकाला नुसती जाळी बांधून फळ ओढून तोडायचा जुना झेला फळ झेलतो, पण देठ राखत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’त जाळीबरोबर पातंही आहे. असा पात्याचा झेला नव्याने घडवायचा झाला, तर आधी गरजांना आकडे द्यावे लागतात. देठ किती लांब, जाळीत एका वेळी किती फळं, काठी किती लांब, टोकाला वजन किती. ‘हलका असावा’ असं लिहून ठेवलं तर त्याची चाचणी कशी घेणार?

त्यातही टोकाचं वजन सगळ्यांत महत्त्वाचं. समजा काठी ५ मीटरची आहे, मागचा हात बुडाशी आणि पुढचा त्यापासून १ मीटरवर आहे. काठी आडवी असताना टोकाला १०० ग्रॅम वाढवले, तर पुढच्या हातावर ५०० ग्रॅमचा भार वाढतो आणि मागच्या हाताला ४०० ग्रॅम खाली दाबून धरावे लागतात. म्हणजे जाळीचं तोंड उघडं धरणारी कडी आणि जाळी मिळून ४०० ग्रॅम आणि २५० ग्रॅमचे दोन आंबे मिळून पुढच्या हातावर साडेचार किलो, काठीचं वजन वेगळंच. काठी जमिनीशी ६० अंशांत उभी केली की हा भार निम्म्यावर येतो. म्हणूनच सवयीचा गडी फांदीच्या जवळपास खाली उभा राहतो. जाळीत पाच-सहा फळं मावतील अशी सोय कागदावर छान दिसते, बागेत ती खांदे मोडते. शिवाय वरून पडणारं फळ आतल्या फळावर आदळतं. दोन-तीन पुरेत.

पातं व्ही आकाराचं असतं. देठ खाचेत शिरतो, झेला खाली ओढला की कापला जातो. कोन फार उघडा ठेवला तर देठ कापला न जाता बाहेर सरकतो. पातं आणि देठ यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर ही मर्यादा सुमारे ३३ अंश येते. पात्यावर चीक साचला की घर्षण कमी होतं, म्हणजे सकाळी नीट चालणारा झेला दुपारी देठ ओरबाडू लागतो. त्यामुळे कोन २५ अंशांच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि पातं पुसता येईल इतकं मोकळं ठेवावं. पात्याची धार जाळीच्या तोंडाच्या आत राहील हेही बघायचं, नाहीतर शेजारच्या आंब्याला चीर पडते.

किनाऱ्यावरची खारी हवा साहित्याची निवड सोपी करत नाही. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, पण तापवून कठीण करता येत नसल्याने धार टिकवत नाही. कठीण होणाऱ्या जाती धार टिकवतात, पण लवकर डागाळतात. कडीला ३०४ आणि पात्याला कठीण जात, ही तडजोड ठीक. ॲल्युमिनियमची नळी हलकी खरी, पण बागेवरून विजेच्या तारा गेल्या असतील तर जिवाशी खेळ. त्यापेक्षा सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू बरा, जवळजवळ भरीव आणि सरळ. जाळीची गाठ मात्र फळाला घासते, म्हणून गाठी बाहेरच्या बाजूला.

पहिला नमुना सुंदर असायची गरज नाही. वाकवलेली तार, उसनं पातं आणि मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा पुरे. चाचणी मात्र नीट हवी. एकाच कलमाचे शंभर आंबे नव्या झेल्याने, शंभर जुन्याने. प्रत्येकाचा देठ मोजायचा, खूण करायची आणि सगळे अढीत घालायचे. निकाल लगेच मिळत नाही, कारण आतला मार पिकल्यावरच दिसतो. आठ-दहा दिवस थांबावं लागतं, आणि हंगाम जेमतेम मार्च ते मे. दोन-तीन फेऱ्यांत सुधारणा बसल्या नाहीत तर पुढचं वर्ष. झेला गड्याच्या हाती द्यायचा, त्याला शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. तो काठी कुठे धरतो, जाळी कधी रिकामी करतो, वैतागून जुना झेला कधी उचलतो. विकत घेणारा बागायतदार असतो, वापरणारा गडी. दोघांच्या तक्रारी वेगळ्या.

नमुना चालला तरी उत्पादनात तो हमखास फसतो, आणि फसण्याची जागा म्हणजे काठी आणि कडीचा जोड. प्रत्येक माणगा वेगळ्या जाडीचा. ओल्या बांबूवर घट्ट बसवलेली लोखंडी टोपी बांबू सुकून आकसला की गरगर फिरते, मग पातं देठाकडे राहतच नाही. आरपार बोल्ट मारला तर बांबू तिथूनच चिरतो. आवळता येणारा पट्टा, आत रबराची पट्टी आणि आधीच सुकवलेला बांबू, एवढ्यात काम भागतं. कडीसाठी साचा करायला लाखांच्या घरात खर्च येतो, शंभर-दोनशे नगांना तो परवडत नाही. तार एकाच मापात वाकवायची चौकट, म्हणजे जिग, गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो.

पातं हंगामात बोथट होणारच, म्हणून ते दोन एम ६ बोल्टनी बसवलेलं बरं. त्याला लागणारा १० नंबरचा पाना बहुतेक घरांत सापडतो.