क्यू घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शुक्रवारचा बाजार उरकून डिचोलीच्या एक बाई मुलीला घेऊन आमच्या म्हापशाच्या दुकानात आल्या. मुलगी चौदा वर्षांची. काचेमागची चकचकीत नक्षीची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, दाखवून बाई म्हणाल्या, "दादा, हिला ती चांगली क्यू द्या, पैशांचं बघू." आम्ही मुलीलाच विचारलं, "बाय, तू खेळतेस कुठल्या टेबलावर?" ती म्हणाली, "क्लबातल्या मोठ्या, स्नूकरच्या." बाईंनी बोट दाखवलेली क्यू दुसऱ्या खेळाची, पूलची होती. आम्ही गप्प बसलो असतो तर त्या दिवशी महागडी क्यू खपली असती, पण मुलीचा हात वर्षभर चुकीच्या वळणाला लागला असता.

म्हणून हे पत्रक. गिऱ्हाईक आलं की आम्ही किंमत सांगण्याआधी दोनच गोष्टी विचारतो. टेबल कोणतं, आणि फटका मारल्यावर पांढरा बॉल (क्यूने थेट मारायचा तो) कुठे जावा असं तुम्हाला वाटतं? क्यूची निवड या दोन उत्तरांवर ठरते.

आधी टेबल

अमेरिकन पूलचा बॉल सुमारे ५७ मिलिमीटरचा आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, वजनानेही हलका. बारमधल्या काही छोट्या टेबलांवर इंग्लिश पद्धतीचे दोन इंची बॉल असतात. या फरकातूनच क्यूची टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, ठरते. पूलच्या क्यूची टिप साधारण १२ ते १३ मिलिमीटरची असते आणि शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, बहुतेक वेळा मेपल लाकडाचा. स्नूकरच्या क्यूची टिप ९ ते १० मिलिमीटरची, शाफ्ट बहुधा अ‍ॅश लाकडाचा आणि टोकाला, टिपेच्या मागे, पितळेचं कडं, म्हणजे फेरूल. अ‍ॅशच्या रेषांचे बाण उठून दिसतात. फटका मारताना ते वर ठेवले की क्यू प्रत्येक वेळी हातात त्याच बाजूने येते.

गोव्यात कित्येक जण स्नूकरवर शिकतात आणि नंतर पूलकडे वळतात. तीच क्यू चालेल का, असं ते विचारतात. पॉटिंग, म्हणजे बॉल भोकात घालणं, चालेल, पण जड बॉलवर रोज जोरात ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारला तर बारीक टिप लवकर पसरते. एकच क्यू परवडणार असेल, तर आठवड्यात ज्या टेबलावर जास्त खेळता त्याची घ्या. दोन्हींच्या मधली घेऊ नका. ती कुठल्याच टेबलावर हाताला बसत नाही.

किनाऱ्याकडच्या बारमध्ये आणि शॅकमध्ये नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांची गोष्ट निराळी. भोकात गेलेला पांढरा बॉल यंत्राला ओळखता यावा म्हणून अशा काही टेबलांवर तो इतरांपेक्षा मोठा किंवा जड ठेवलेला असतो. त्याला मागे खेचणं कठीण जातं. तुमचा स्क्रू, म्हणजे बॉल मागे खेचणारा फटका, बसत नसेल तर दोष क्यूचा असेलच असं नाही, आधी तो बॉल हातात घेऊन बघा. शिवाय खोली अरुंद असली की मागची भिंत आडवी येते. तिथे नियमित खेळणाऱ्यांनी एक आखूड क्यू जवळ ठेवावी.

पट्ट्याच्या बॉलची परीक्षा

दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं एक टेबल आहे. क्यू घ्यायला आलेल्या प्रत्येकाकडून आम्ही तिथे एक गोष्ट करून घेतो, आणि ती तुम्ही कुठल्याही क्लबात करू शकता. पांढऱ्या बॉलच्या जागी पट्टा असलेला एक बॉल ठेवा, नऊ नंबरचा म्हणा. पट्टा उभा आणि तुमच्या समोर. टिपेला नीट चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायची वडी) लावा आणि बॉल अगदी मधोमध मारतोय असं समजून सरळ समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारा. मग बॉल उचलून चॉकचा ठिपका बघा.

दहातल्या बहुतेकांचा ठिपका मध्यावर नसतो. कुणाचा कायम उजवीकडे, कुणाचा खाली डावीकडे. पट्ट्याच्या दोन्ही कडा बॉलच्या मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरवर येतात, आणि योगायोगाने मिसक्यूची, म्हणजे टिप बॉलवरून घसरण्याची, हद्दही जवळपास तिथेच आहे. ठिपका कडेजवळ पडायला लागला की टिप कधी घसरेल याचा भरवसा नाही.

या ठिपक्यावरून आम्हाला तुमचा खेळ कळतो. ज्यांचा ठिपका मध्याच्या आसपास राहतो आणि जे पांढरा बॉल वरखाली मारूनच जागेवर आणतात, त्यांना साध्या मेपलच्या शाफ्टची क्यू उत्तम. तिच्यावर जास्त पैसे घालण्याचं काहीच कारण नाही. ज्यांना साइड देऊन, म्हणजे बॉल उजव्या-डाव्या अंगाला मारून, खेळायला आवडतं, कुशनवरून बॉल फिरवून आणायला आवडतं, त्यांच्यासाठी शाफ्टचा विचार गंभीरपणे करावा लागतो.

कारण असं की बॉल उजव्या अंगाला मारला की तो सरळ न जाता किंचित डावीकडे ढळतो, डाव्या अंगाला मारला की उजवीकडे. किती ढळेल, हे शाफ्टच्या टोकाकडच्या काही इंचांच्या वजनावर अवलंबून असतं. टोक हलकं, तर ढळणं कमी. हल्ली टोक आतून पोकळ केलेले किंवा लाकडाचे तुकडे जोडून बनवलेले शाफ्ट मिळतात ते याचसाठी. त्यांना लो डिफ्लेक्शन म्हणतात. पण जुन्या शाफ्टवर दहा वर्षं खेळलेल्या माणसाने ढळण्याचा अंदाज डोळ्यात मुरवून घेतलेला असतो. त्याने नवा शाफ्ट लावला की पहिले काही आठवडे त्याचे सोपे पॉटही चुकतात. स्पर्धा पंधरा दिवसांवर असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो, आता बदलू नका, नंतर या.

वजन आणि लांबी

बहुतेक पूल क्यू १८ ते २१ औंसांच्या, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅमच्या असतात. काय घ्यावं कळत नसेल तर १९ औंसांची घ्या. बऱ्याच क्यूंच्या बटाच्या (मागच्या जाड भागाच्या) तळाशी रबराच्या बुचामागे एक बोल्ट असतो. तो बदलला की वजन कमीजास्त होतं, त्यामुळे पहिला अंदाज चुकला तरी क्यू वाया जात नाही. जड क्यूने ब्रेक जोरात बसतो हा समज इथे फार पक्का आहे. ब्रेकचा जोर वजनाइतकाच हाताच्या वेगातून येतो आणि जड क्यूने हाताचा वेग उतरतो. आमच्यातल्या एकाने विशीत २१ औंसांची क्यू हट्टाने घेतली आणि दोन वर्षं तिच्याशी झुंजला. हलके, नाजूक फटके मारताना बॉल नेहमी वीतभर पुढे जायचा. १९ वर आल्यावर महिन्याभरात तो बॉल जागेवर थांबायला लागला.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. क्यू एका बोटावर आडवी तोलून बघा. बहुतेकींचा तोल मागच्या टोकापासून १८ ते १९ इंचांवर येतो. तो पुढे असला की क्यू हातात स्थिर वाटते, मागे असला की चपळ.

पूलच्या क्यूची नेहमीची लांबी ५८ इंच, स्नूकरची ५७ च्या आसपास. वाकून नेमाच्या पवित्र्यात या, टिप बॉलला लागेल इतकी पुढे आणा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. त्या क्षणी मागचा हात कोपरापासून सरळ खाली लोंबला पाहिजे. मूठ बटाच्या अगदी टोकावर जात असेल तर मागे जोड लावा. लहान मुलांसाठी ४८ आणि ५२ इंची क्यू मिळतात. मोठ्या माणसाची क्यू कापून मुलाला देऊ नका, तोल बिघडतो. डिचोलीच्या त्या मुलीची उंची आईच्या खांद्याच्या वर गेली होती. आम्ही तिला साधी, पूर्ण लांबीची अ‍ॅशची क्यू दिली, जी ती मोठी झाल्यावरही वापरेल.

टिप

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मँगो नावाच्या माणसाने क्यूच्या टोकाला चामडं चिकटवलं. त्याआधी खेळाडू नुसत्या लाकडाने बॉल मारत. साइड आणि स्क्रू हे सगळं त्या चामड्याच्या चकतीने खेळात आणलं. आजही तुमच्या खेळावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट तीच, आणि क्यूवरची सगळ्यात स्वस्त गोष्टही तीच. नवी क्यू घ्यायला आलेल्या निम्म्या लोकांना नव्या टिपेची गरज असते. आम्ही आधी टिप बदलून देतो आणि आठवडाभर खेळून बघायला सांगतो.

टिप आणि बॉल यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच असते. मऊ टिप तेवढ्यात जरा जास्त चिकटून राहते, नवख्याला पकड देते, पण लवकर चपटी होते. कडक टिप आकार टिकवते आणि चॉक विसरलेल्याला माफ करत नाही. आमचं मत मध्यम टिपेला, त्यातही चामड्याचे थर चिकटवून केलेल्या टिपेला आहे. एकसंध चामड्याच्या टिपा स्वस्त असतात, पण दोन सारख्या मिळतील याची खात्री नसते.

टिपेची गोलाई घरच्या घरी तपासता येते. खिशातलं एक रुपयाचं नाणं घ्या. सध्याची नाणी २० ते २२ मिलिमीटरची आहेत. नाण्याची कड टिपेच्या पाठीमागे उजेडाकडे धरा. दोन्ही वळणं जुळली तर पूलसाठी टिप ठीक. टिप नाण्यापेक्षा चपटी दिसली तर आणून द्या. पॉलिश पेपरने स्वतः घासताना हात घसरतो आणि फेरूल व शाफ्ट घासला जातो. अशा शाफ्टची जाडी परत येत नाही.

चॉक खडू नसतो. १८९७ सालच्या पेटंटपासून त्यात सिलिकासारखी बारीक खरखरीत पूड असते, तीच टिपेला पकड देते. म्हणून चॉक फिरवून भोक पाडू नका, रंग दिल्यासारखा पुसत लावा. आणि दर फटक्याला लावा.

आपला पावसाळा

जिथे हवा कोरडी तिथल्या माहितीपत्रकांत हे नसतं, पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मृगापासून चतुर्थीपर्यंत भिंतींना ओल येते. लाकूड हवेतली ओल ओढतं आणि एका बाजूने जास्त ओढली की वाकतं. आमच्या घरच्या एका क्यूचं असं झालं. चांगल्या मेपलची क्यू पावसाळाभर पश्चिमेच्या भिंतीला तिरकी टेकून राहिली. गणपतीला बाहेर काढली तेव्हा मधोमध बाक आला होता. ती सरळ करण्याचे सगळे उपाय केले, सरळ झाली नाही.

क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. कडक केसमध्ये आडवी ठेवा नाहीतर दोरीने सरळ लोंबती. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीपासून केस लांब. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर तासभरही नको, टिपेचा आणि फेरूलचा गोंद सुटतो. पाण्याने पुसू नका. घाम आणि चॉकचा थर घालवायला किंचित ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं पुरतं.

क्यू सरळ आहे का हे बघताना जोडलेली क्यू टेबलावर लोळवतात, त्यात कधी कधी जॉइंटच फसवतो. शाफ्ट आणि बट वेगळे करून लोळवा, मग शाफ्ट डोळ्याला लावून फिरवत त्याच्या लांबीवर नजर टाका.

दमट हवेत हात चिकटतो तेव्हा लोक टाल्कम पावडर लावतात. ती टेबलाच्या कापडात बसते आणि क्लबवाल्यांना ताप होतो. तीन बोटांचा हातमोजा घ्या. ग्रिपसाठी घाम फार येणाऱ्यांनी लिननचा दोरा गुंडाळलेला बट घ्यावा, तो घाम शोषतो. हात कोरडा राहत असेल तर गुळगुळीत लाकूडच बरं.

कार्बन फायबरचा शाफ्ट घ्यावा का, हे आजकाल रोज विचारतात. तो ओलीने वाकत नाही, टोकाला हलका असतो, आणि आपल्या हवेत हे दोन्ही गुण मोठे आहेत. बट मात्र बहुधा लाकडाचाच असतो, त्याची काळजी तीच. फटक्याचा आवाज पोकळ येतो, काहींना तो कधीच आवडत नाही, आणि टोकदार आघाताने शाफ्टला तडा जाऊ शकतो. समुद्राजवळ उघड्या जागी वर्षभर खेळत असाल आणि साइड तुमच्या खेळाचा भाग असेल, तर पैसे घाला. महिन्यातून चारदा बंद खोलीत खेळणाऱ्याने ते पैसे प्रशिक्षणाला द्यावेत.

ब्रेकची वेगळी क्यू दुसरी खरेदी म्हणून योग्य, कारण मुख्य क्यूची टिप वाचते. बॉल उडवायची जंप क्यू सध्या राहू द्या.

दुकानात याल तेव्हा तुमची आत्ताची क्यू बरोबर आणा, कितीही जुनी असली तरी. तिची टिप कुठल्या बाजूने झिजली आहे यावरूनही बरंच कळतं. आणि ज्या बुटांवर खेळता तेच घालून या. टाच बदलली की वाकणं बदलतं, आणि मग लांबीचं माप चुकतं.