राग ओकून टाकला की मन हलकं होतं?

‘मनात ठेवू नको, एकदा शिव्या घालून मोकळा हो.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडं भाऊबंदकीच्या भांडणात हा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. समजूत अशी, की राग कुकरमधल्या वाफेसारखा. शिट्टी झाली की संपला.

तसं होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं. काहींना नुसतं बसवलं. ठोसे मारणारेच जास्त चिडलेले निघाले.

येळ्ळूरच्या भातशेतात बघा. ‘बांध कोरायलास काय रे?’ एवढ्यावर सुरू होतं आणि तासाभरात आजोबांच्या वाटणीपासूनचं सगळं निघतं. ओरडताना माणूस तोच अपमान पुन्हा घोकत असतो, राग ताजाच राहतो.

म्हणून कुढत बसावं असंही नाही. मनातल्या मनात उगाळलं तरी तेच. त्या घडीला सरळ घरी जावं, दुसऱ्या दिवशी मोजणीचा नकाशा घेऊन बोलावं. सल्ला देणाऱ्याला मात्र सोबत नेऊ नये.