हँडलबारची टेप वरून खाली? आधी कौलं आठवा

रंकाळ्यावर सकाळी रेसिंग सायकली टेकवून चहा पिणाऱ्यांकडून नवख्याला हमखास मिळणारा सल्ला: "हँडलबारची टेप मधून सुरू कर, खाली वळलेल्या टोकाला संपव. शेवट बारच्या टोकाच्या टोपणात दाबला की झालं, वर काळी चिकटपट्टी दिसत नाही." दिसायला छान खरंच. पण पन्हाळ्याचा घाट चारदा चढून या, मग बघा कडा कशा वळतात.

आपल्याकडची कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाणी फटीत न शिरता सरकून जातं. टेपचंही तेच. आपला हात बारच्या मधून ब्रेकच्या मुठींकडं सरकतो, अंगाचं वजनही तिकडंच रेटतं. वरून गुंडाळलेल्या टेपच्या कडा नेमक्या त्याच्या वाटेत येतात आणि गोळा होतात. खालून सुरू केलं की हात कडेवरून अलगद जातो.

तर सुरुवात खालच्या टोकाला. थोडी टेप बाहेर ठेवून आत दुमडायची, वर टोपण ठोकायचं. (टोपणाशिवाय सायकल बाहेर काढू नका, पडलात तर उघडा पाइप पोटात घुसतो.) टोकाकडून पाहताना उजवीकडं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावीकडं उलट. प्रत्येक वेढा आधीच्यावर साधारण एक तृतीयांश चढवा.

आणि "जितकी ताणाल तितकी टिकेल" हेही अर्धंच खरं. कॉर्कची टेप फार ताणली की फाटते. माझी पहिली ब्रेकपाशीच तुटली होती. चुकलं तर उलगडा, परत गुंडाळा. शेवट तिरका कापून इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी लावा. दिसली तर दिसली.