जिरामधला ‘प्रोजेक्ट’ आणि तो शोधण्याची पार्श्वभूमी

नव्या कंपनीत रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सहज सांगतो, ‘आपला प्रोजेक्ट जिरावर आहे, तिथे बघून घे.’ जिरा म्हणजे गटाची कामे नोंदवून त्यांचा माग ठेवण्याचे सॉफ्टवेअर. तो शोधचौकटीत प्रोजेक्टचे नाव टाकतो आणि एक तर काहीच सापडत नाही, किंवा जवळजवळ सारख्या नावांचे चार प्रोजेक्ट एकाखाली एक उभे राहतात. नवखा माणूस हा दोष स्वतःच्या अजाणतेपणाकडे घेतो, पण तो बहुधा त्याचा नसतो. नवा प्रोजेक्ट उघडण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारच्या सॉफ्टवेअरने गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलले आणि प्रत्येक वेळी शोधण्याची रीतही त्याबरोबर बदलत गेली.

सुरुवातीला प्रोजेक्ट म्हणजे एक फाइल होती. 1957च्या सुमारास ड्युपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून विकसित केलेली क्रिटिकल पाथ पद्धत आणि 1958मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आखलेली पर्ट पद्धत, या दोहोंचा विषय एकाच प्रचंड कामातील टप्प्यांचा क्रम हा होता. शंभर कामांतून एक हुडकून काढण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. 1984मध्ये डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणकप्रणालीसाठी आलेल्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरने तीच दृष्टी उचलली. नवे काम सुरू करायचे म्हणजे नवी फाइल उघडायची, आणि ती ज्याच्या संगणकावर असेल त्याच्याकडे जाऊन मागायची. विंडोज 95 येईपर्यंत फाइलीच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे कामाचे पूर्ण नाव आठ रोमन अक्षरांत कोंबावे लागे आणि सहा महिन्यांनी ते संक्षिप्त रूप नाव ठेवणाऱ्यालाही उलगडत नसे.

जिराचा वंश मात्र या शाखेतला नाही. त्याचे मूळ सॉफ्टवेअरमधील चुका नोंदवण्याच्या वह्यांत आहे. नेटस्केपने 1998मध्ये आपल्या ब्राउझरची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, तेव्हा कंपनीतील चुका नोंदवण्याच्या जुन्या व्यवस्थेच्या जागी टेरी वाइसमन यांनी लिहिलेले बगझिला आले. त्यात वरती ‘प्रॉडक्ट’ आणि त्याखाली ‘कॉम्पोनंट’ अशी दोन पातळ्यांची मांडणी होती, आणि नवे प्रॉडक्ट उघडण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडेच असे. नोंदींचे क्रमांक मात्र सगळ्या प्रॉडक्टांना मिळून एकाच मालिकेत चालत. अमुक क्रमांकाची नोंद कशाबद्दल आहे हे ती उघडल्याशिवाय कळत नसे, म्हणजे तो क्रमांक आवक नोंदवहीतल्या क्रमांकासारखा होता: कागद आला एवढे सांगणारा, कोणत्या नस्तीत गेला ते न सांगणारा.

माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फारक्वार यांनी सिडनीत स्थापन केलेल्या अ‍ॅटलासियन कंपनीने 2002मध्ये जिरा बाजारात आणले. कंपनीत आधी बगझिला वापरले जात होते आणि तिथले लोक त्याला गंमतीने ‘गोजिरा’ म्हणत. गॉडझिलाचे हे मूळ जपानी नाव आहे. त्यातले पहिले अक्षर गाळून जिरा हे नाव उरले. मराठी कानाला ते फोडणीच्या डब्यातले वाटते, पण त्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

जिराने केलेला खरा बदल क्रमांकात होता. प्रत्येक प्रोजेक्टला काही मोठ्या रोमन अक्षरांची एक ओळख देण्यात आली, जिला ‘प्रोजेक्ट की’ म्हणतात. प्रत्येक प्रोजेक्टची क्रममालिका स्वतंत्रपणे एकपासून सुरू होते आणि नोंदीचे नाव ‘पीएवाय-214’ अशा धर्तीवर तयार होते. पगारपत्रकाच्या प्रोजेक्टमधील दोनशे चौदावे काम, हे आता पाहताक्षणी कळते. ही अक्षरे लवकरच बोलण्यात उतरली. सकाळच्या बैठकीत ‘पे दोनशे चौदा कोणाकडे आहे?’ असे विचारले जाते, आणि एकाच प्रोजेक्टवर बसलेला गट तर नुसते ‘दोनशे चौदा’ म्हणून भागवतो. प्रोग्रामर हीच ओळख आज्ञावलीतील प्रत्येक बदलाच्या टिपणात लिहू लागले आणि ती ईमेलच्या विषयात, चाचणीच्या अहवालात, ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात पसरली. त्यामुळे प्रोजेक्टचे नाव बदलणे सोपे राहिले, पण ही अक्षरे बदलणे अवघड झाले. ती सोय 2013मधील 6.1 आवृत्तीत आली, आणि तीही जुने दुवे नव्या पत्त्यावर वळवण्याच्या व्यवस्थेसह. प्रोजेक्ट उघडताना नावावर अर्धा तास चर्चा करणारे लोक अक्षरांच्या बाबतीत सॉफ्टवेअरने सुचवलेले रूप न वाचता स्वीकारतात, हे मला नेहमी उलटे वाटत आले आहे.

जिराचा प्रोजेक्ट केवळ कामांचा कप्पा नव्हता. कोणाला काय दिसेल, कोणते काम कोणत्या टप्प्यातून जाईल, कोणती माहिती भरणे सक्तीचे असेल आणि कोणाला सूचना जाईल, या प्रत्येक गोष्टीसाठी स्वतंत्र ‘स्कीम’, म्हणजे नियमांचा संच, असे आणि एक स्कीम अनेक प्रोजेक्टांत सामाईक असू शके. एका ठिकाणी केलेला बदल दहा ठिकाणी उमटत असल्याने नवा प्रोजेक्ट उघडण्याचा अधिकार जिरा सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडेच (अ‍ॅडमिनकडे) ठेवणे भाग होते. त्यातून विनंती करा, कारण द्या, वाट पाहा असा कार्यालयीन रिवाज रूढ झाला. संथ खराच, पण त्या एका माणसाला सगळी यादी पाठ असे, तो ‘असा एक आधीच आहे’ म्हणून सांगे, आणि शोधयंत्राचे निम्मे काम तिथेच होऊन जाई. उरलेल्या निम्म्यासाठी 2009मध्ये जिराच्या चौथ्या आवृत्तीबरोबर जेक्यूएल ही प्रश्नभाषा आली, जिच्यात प्रोजेक्ट, स्थिती, जबाबदार व्यक्ती अशा अटी जोडून नेमकी यादी काढता येते.

शोधताना सर्वाधिक गोंधळ होतो तो याच परवानग्यांमुळे. ज्याला एखादा प्रोजेक्ट पाहण्याची परवानगी नाही, त्याला तो यादीत दिसत नाही; आणि त्याने जेक्यूएलमध्ये त्याचे नाव लिहिले, तर असे मूल्य अस्तित्वातच नाही असा संदेश येतो. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असे सांगितले, तर त्या नावाचा प्रोजेक्ट आहे हे आपोआप उघड होईल, म्हणून ही सावधगिरी. गोपनीयतेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण एका कार्यालयात चुकीच्या स्पेलिंगचा संशय घेऊन दोन दिवस नाव उलटसुलट टाकत बसलेला सहकारी मी पाहिला आहे. त्याला गटात सामील करून घ्यायचे राहून गेले होते, इतकेच.

दरम्यान कामे सांभाळणाऱ्या इतर सॉफ्टवेअरनी अगदी वेगळी वाट धरली होती. शिकागोच्या 37सिग्नल्सने 2004मध्ये आणलेल्या बेसकँपमध्ये प्रोजेक्ट म्हणजे एक खोली होती: नाव द्या, माणसांना आत बोलवा, बोलायला लागा. 2011मध्ये आलेल्या ट्रेलोने तो शब्दच टाळून ‘बोर्ड’ ठेवला. संस्कृत ‘आसन’ या शब्दावरून नाव घेतलेल्या असानाने तर एकच काम एकाच वेळी अनेक प्रोजेक्टांत ठेवण्याची मुभा दिली, म्हणजे प्रोजेक्ट हा कप्पा न राहता खूण चिकटवण्यासारखा झाला. कोणालाही परवानगी न मागता सुरुवात करता येते, ही या सर्वांची ताकद होती.

अ‍ॅटलासियनने 2017मध्ये ट्रेलो विकत घेतले आणि 2018मध्ये जिरातही ‘नेक्स्ट-जेन’ नावाचे हलके प्रोजेक्ट सुरू केले. 2021पासून त्यांना ‘टीम-मॅनेज्ड’ म्हणतात आणि जुन्या प्रकाराला ‘कंपनी-मॅनेज्ड’. यात स्कीम सामाईक नसतात, एका गटाच्या बदलाचा दुसऱ्याला धक्का बसत नाही, त्यामुळे मुळातल्या मांडणीत साध्या वापरकर्त्यालाही असा प्रोजेक्ट उघडता येतो. रांग संपली आणि यादी वाढली. ‘मोबाइल अ‍ॅप’, ‘मोबाइल अ‍ॅप नवीन’, ‘मोबाइल अ‍ॅप टेस्ट’ असे प्रोजेक्ट शेजारी शेजारी दिसू लागले, आणि प्रत्येक गटाने आपापले ‘प्राधान्य’ किंवा ‘ग्राहक’ असे रकाने तयार केल्याने एकाच नावाचे अनेक रकाने प्रश्नभाषेत पुढे येऊ लागले. अशा यादीत नावापेक्षा संकेताक्षरे, प्रोजेक्टचा प्रमुख आणि व्यवस्थापकाने दिलेला प्रवर्ग यांवरून शोधणे अधिक भरवशाचे ठरते. नेहमीच्या प्रोजेक्टवर ताऱ्याची खूण लावून ठेवण्याची सोय तर पहिल्याच दिवशी वापरावी अशी आहे.

2025मध्ये अ‍ॅटलासियनने जिराच्या पडद्यावरील ‘प्रोजेक्ट’ हा शब्द काढून तिथे ‘स्पेस’ आणायला सुरुवात केली. सुरुवात आणि शेवट असलेले ठरावीक काम हा प्रोजेक्टचा रूढ अर्थ. जिरातील बहुतेक कप्पे मात्र वर्षानुवर्षे चालणाऱ्या गटांचे असतात, त्यामुळे हा शब्द तिथे पूर्वीपासूनच तोकडा पडत होता. नव्या कर्मचाऱ्याला आता ‘आपली स्पेस बघून घे’ असे सांगितले जाईल, पण आधीच जतन केलेल्या जेक्यूएल प्रश्नांत जुना ‘प्रोजेक्ट’ हाच शब्द लिहिलेला आहे, आणि नोंदींच्या क्रमांकांआधी लागणारी अक्षरेही तीच राहिली आहेत.