फील्ड हेल्प : रकान्याचा मदत-मजकूर डेटाबेसमधून वाचणे

संगणकावरच्या फॉर्ममधल्या एखाद्या रकान्यात काय भरायचे, कोणत्या एककात भरायचे आणि काय भरायचे नाही, हे सांगणारा छोटा मजकूर म्हणजे फील्ड हेल्प. हा मजकूर फॉर्मच्या कोडमध्ये कोंबण्याऐवजी डेटाबेसमध्ये त्या रकान्याच्या व्याख्येजवळच ठेवता येतो आणि फॉर्म उघडताना प्रोग्रॅममधून मागवून घेता येतो. सॅपवर, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणारे याला नुसते ‘एफ-वन’ म्हणतात. रकान्यात कर्सर ठेवून ती कळ दाबली की माहिती समोर येते.

रकान्याचे नाव आणि प्रकार एवढ्यावर भागत का नाही, हे नवी मुंबईत चटकन कळते. समजा, मालमत्तांच्या नोंदवहीत ‘नोड’ नावाचा रकाना आहे. सिडकोच्या भाषेत नोड म्हणजे वाशी, नेरूळ, ऐरोली अशी एकेक वसाहत. महाप्याला बसलेल्या प्रोग्रॅमरच्या लेखी मात्र नोड म्हणजे नेटवर्कमधला एक संगणक. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि ‘५० अक्षरांचा मजकूर’ हा रकान्याचा प्रकार दोघांचेही भांडण सोडवत नाही. ‘धारक’ या रकान्याची गोष्टही तशीच. सिडकोचे भूखंड साधारणपणे भाडेपट्ट्याने दिलेले असतात, मग तिथे मालकाचे नाव लिहायचे की पट्टेदाराचे? तुर्भ्याच्या घाऊक बाजारातल्या आवकेच्या तक्त्यात ‘वजन’ एवढेच लिहिलेले असेल, तर एक कारकून किलो भरतो, दुसरा क्विंटल. संख्या दोन्ही वैध, फरक शंभरपटीचा. हापूस तर पेटीने मोजतात. ‘क्विंटलमध्ये लिहा, पेटीचा माल असल्यास पुढचा रकाना वापरा’ एवढे एक वाक्य त्या कॉलमला, म्हणजे डेटाबेसमधल्या त्या रकान्याला, चिकटवले, तर ते फॉर्मलाही दिसते, अहवाल बनवणाऱ्यालाही आणि तीन वर्षांनी नोकरीला लागणाऱ्यालाही.

हे चिकटवण्याची ठरलेली रीत एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणित नियमांत नाही, त्यामुळे प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी. ओरॅकल आणि पोस्टग्रेस यांत ‘कॉमेंट ऑन कॉलम’ ही आज्ञा आहे; तिने जोडलेला मजकूर म्हणजे कॉमेंट. ओरॅकलमध्ये तो मजकूर ‘ऑल_कॉल_कॉमेंट्स’ आणि तिच्या भावंडांसारख्या व्ह्यूंतून (तयार तक्त्यांतून) वाचतात. मायएसक्यूएलमध्ये कॉमेंट कॉलमच्या व्याख्येतच लिहितात आणि ‘शो फुल कॉलम्स’ने किंवा इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या तक्त्यांतून) मिळवतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तिला ‘एक्स्टेंडेड प्रॉपर्टी’ म्हणतात; ‘एमएस_डिस्क्रिप्शन’ हे तिचे रूढ नाव आणि ‘एफएन_लिस्टएक्स्टेंडेडप्रॉपर्टी’ हे वाचण्याचे फंक्शन. एसक्यूएलाइटमध्ये अशी सोयच नाही.

जावातून वाचताना डेटाबेस कोणता हे विसरता यावे, म्हणून जेडीबीसीत (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीत) ‘गेटकॉलम्स’ ही पद्धत दिली आहे. तिच्या उत्तरातला बारावा रकाना ‘रिमार्क्स’, म्हणजेच आपला मदत-मजकूर. कागदावर हे छान दिसते. ओरॅकलच्या ड्रायव्हरमध्ये (ही जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मात्र कॉमेंट आणण्याचे काम वेळखाऊ असल्याने ते मुळात बंद ठेवलेले असते. जोडणी करताना ‘रिमार्क्सरिपोर्टिंग’ चालू केले नाही, तर टेबलात कॉमेंट धडधडीत असूनही हाती काहीच येत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. कोडच्या ओळी पुन्हा पुन्हा तपासत बसणाऱ्याला ही एक सेटिंग आठवत नाही, हा नेहमीचा अनुभव.

पोस्टग्रेसचा सापळा वेगळा. तिथे ‘कॉल_डिस्क्रिप्शन’ या फंक्शनला टेबलाचा अंतर्गत क्रमांक आणि कॉलमचा क्रमांक द्यावा लागतो. एखादा कॉलम काढून टाकला, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे पाच कॉलमांतला तिसरा काढला की उरतात १, २, ४ आणि ५. ‘एकपासून चारपर्यंत मोज’ असे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तिसऱ्या रकान्याची मदत रिकामी मिळते, चौथ्या रकान्याखाली तिसऱ्याची मदत दिसते आणि शेवटच्याची मिळतच नाही. क्रमांक हाताने न मोजता सिस्टिम कॅटलॉगमधूनच (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींतूनच) घ्यावा. मायएसक्यूएलमध्ये फटका लिहिताना बसतो. कॉलमची लांबी वाढवायला ‘मॉडिफाय’ वापरले आणि जुनी कॉमेंट त्या आज्ञेत पुन्हा लिहिली नाही, तर कॉमेंट पुसली जाते. लांबी वाढल्याच्या समाधानात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस अजून पुष्कळ छोट्या कचेऱ्यांत चालते. तिथे रकान्याचे ‘डिस्क्रिप्शन’ खालच्या पट्टीत दिसते. कोडमधून ते मागताना एक गंमत आहे : वर्णन कधी लिहिलेच नसेल, तर ही प्रॉपर्टीच अस्तित्वात नसते आणि रिकामा मजकूर येण्याऐवजी ३२७० क्रमांकाची चूक येते. म्हणून ती चूक गृहीत धरूनच कोड लिहावा लागतो.

या सगळ्यांत सॅपची रचना जास्त विचारपूर्वक केलेली आहे. तिथे मदत टेबलातल्या कॉलमला नव्हे, तर ‘डेटा एलिमेंट’ला (अनेक टेबलांत वापरता येणाऱ्या रकान्याच्या व्याख्येला) जोडतात, एकच एलिमेंट शंभर टेबलांत वापरला, तरी मजकूर एकदाच लिहायचा. लेबले १०, २० आणि ४० अक्षरांची अशी तीन लांबींत ठेवता येतात. सविस्तर दस्तऐवज ‘डॉक्यू_गेट’ या फंक्शन मॉड्यूलने मिळतो. त्याला प्रकार ‘डीई’, एलिमेंटचे नाव आणि भाषा सांगावी लागते. उत्तरात सलग परिच्छेद येत नाही, १३२ अक्षरांपर्यंतच्या ओळी येतात आणि प्रत्येक ओळीपुढे मांडणीची खूण असते. त्या खुणा न समजून घेता ओळी जोडल्या, तर मथळा आणि मजकूर एकमेकांत मिसळतात.

भाषा हा मराठी वापरणाऱ्यांसाठी खरा प्रश्न. डेटाबेसच्या कॉमेंटला भाषेचा रकाना नसतो. एका कॉलमला एकच मजकूर. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवे असेल, तर फॉर्म, रकाना, भाषा आणि मजकूर अशा चार कॉलमांचे स्वतःचे टेबल करावे लागते, आणि मराठी मजकूर नसेल तेव्हा काय दाखवायचे तेही आधीच ठरवावे लागते. प्रत्येक रकान्यासाठी वेगळी विचारणा न करता पूर्ण फॉर्मचा मजकूर एकाच क्वेरीत आणून ठेवणे बरे. चाळीस रकान्यांच्या फॉर्मला चाळीस फेऱ्या मारणारा प्रोग्रॅम चालतो, पण रांगेत उभ्या माणसाला ते जाणवते.

लांबीचा हिशेबही देवनागरीत बदलतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण आत ७ चिन्हे आणि २१ बाइट असतात. ओरॅकलची कॉमेंट ४,००० बाइटांपर्यंत, म्हणजे देवनागरीची जेमतेम १,३३३ चिन्हे. मायएसक्यूएल चिन्हे मोजते आणि १,०२४ देते, त्यामुळे तिथे मराठीला वेगळा दंड नाही. मजकूर वाचून तो लहान चौकटीसाठी कापताना मात्र सगळीकडे सावध राहावे. चिन्हांच्या मध्येच कापले, तर शेवटी पाय मोडलेले व्यंजनच लोंबत उरते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर डेटाबेसमध्ये रोमन अक्षरांचा कचरा म्हणूनच साठलेला असतो. तो आधी रूपांतरित करावा लागतो.

कॉमेंट हा वाचकांसाठीचा मजकूर असल्याने तिला फारसे कुलूपही नसते. पोस्टग्रेसमध्ये एखाद्या डेटाबेसशी जोडलेला कोणीही वापरकर्ता तिथल्या सर्व कॉमेंट वाचू शकतो, टेबलातला डेटा पाहण्याची परवानगी त्याला असो वा नसो. ‘अडचण आल्यास या पासवर्डने आत जा’ असे मदतीच्या भावनेने लिहिलेले वाक्यही त्याच मार्गाने सगळ्यांसमोर जाते.