बडोद्यात समुद्र थंड ठेवायचा तर

बडोद्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा माणूस मे महिन्यात माशांपेक्षा थर्मामीटरकडे जास्त बघतो. प्रवाळ आणि त्यांच्यात राहणारे मासे 24 ते 27 अंशांत सुखी; बाहेर पारा 42वर. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की तोही घटतो. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर औषधाची बाटली शोधण्याआधी तापमान बघावं.

दुकानदार मात्र टाकीसोबत आधी हीटर देतो. ही रीत थंड देशांतून आली. गंमत म्हणजे तिथेही सुरुवातीचं दुखणं उकाड्याचंच होतं. 1853 साली लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे घरात समुद्र ठेवायचं वेड पसरलं. पण काचेच्या भांड्यात होते ब्रिटिश किनाऱ्यावरचे, गार पाण्याला सरावलेले जीव. उन्हाळ्यात खिडकीशी ठेवले की मरायचे. तोडगा काढला विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी. 1871 साली क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांहून कितीतरी मोठा, अंधारा हौद ठेवला आणि पाणी सतत वरखाली फिरवलं. पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश तापतं. बडोद्याच्या नवलखी वावेच्या, म्हणजे जुन्या खोल विहिरीच्या, पायऱ्या उतरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. हीटरचं राज्य आलं ते उष्ण कटिबंधातले मासे तिकडे पोचल्यावर: आधी टाकीखाली दिवा किंवा गॅस, मग वीज.

बडोद्याला समुद्र तसा परका नव्हता. काठियावाडच्या टोकाचं, द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि तिथल्या सागरी जीवांवरचा जेम्स हॉर्नेल यांचा अहवाल 1909 साली बडोदा सरकारसाठीच निघाला. शहरातल्या घरात समुद्र आणणं मात्र शक्य झालं ते गोड्या पाण्यात कालवून समुद्राचं पाणी बनवायचं, पुड्यातलं तयार मीठ मिळू लागल्यावर. पुढे प्रवाळांसाठी मेटल हॅलाइड दिवे आले, त्यांनी टाकीची भट्टी केली, आणि चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागला. एलईडीनं ती आग बरीच विझवली.

आपल्याकडचा खरा उपाय माठाचाच. काचेचं झाकण काढायचं आणि कंप्युटरमधले 12 व्होल्टचे दोन पंखे काठावर तिरके लावायचे. 100 लिटरमधून 1 लिटर पाणी उडालं तर हिशेबानं जवळजवळ सहा अंशांची उष्णता जाते. खोलीची हवा त्यातली बरीचशी परत करते, हे वेगळं. सकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं असतं, काठावर मिठाची पांढरी कड. ही भर आरओच्या गोड्या पाण्यानंच घालायची, कारण मीठ उडत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी मीठ घातलेलं पाणी ओतत राहिलो; आठवड्याभरात ॲनेमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी, सुरकुतून लिंबाएवढा झाला, तेव्हा अक्कल आली.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंखे तीन-चार अंश सहज उतरवतात. जुलैत हवेतच पाणी असतं, मग ते नुसते फिरतात. तेव्हा चिलर. तोही बंद खोलीत ठेवला तर स्वतःचीच गरम हवा गिळत बसतो, म्हणून आमचा व्हरांड्यात आहे. आई तिथेच भाजी निवडायला बसते. तिचं म्हणणं, "माशांना काश्मीर आणि मला झळा!"